लाईट गेली की रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे काय, याबद्दल आमच्या बेळगावात दोन मतं आहेत. काचेपलीकडं गायिका डोळे मिटून उभी आहे आणि काचेअलीकडं इंजिनिअर शेकडो बटणांपुढं बसून मान डोलावतोय, हे सिनेमावाल्यांचं मत. दुसरं माझ्या सासऱ्यांचं. स्थळ बघायला आले तेव्हा त्यांनी सगळी यंत्रं एकेक करून निरखली, चहा संपवला आणि विचारलं, "पण हे आता मोबाईलमधी हुतंय न्हवं?" मुलगी दिली त्यांनी. पण पाहुण्यांत ओळख करून देताना अजूनही "जावई कॉम्प्युटरात हाईत" एवढंच सांगून विषय खानापूरच्या पावसाकडं नेतात.

खरं तर त्या प्रश्नात दम होता. गाणं मोबाईलमध्ये होतं. म्हणूनच माझा स्टुडिओ गाण्यावर चालत नाही. तो चालतो शाळेच्या गॅदरिंगच्या डान्सवर, रिक्षातून फिरणाऱ्या अनाउन्समेंटवर, भजनी मंडळांवर, वाढदिवसांवर आणि शिवजयंतीच्या चित्ररथांवर. गाणं येतं, नाही असं नाही. पण ते पाहुण्यासारखं येतं आणि पैसे द्यायच्या वेळेला मात्र घरच्यासारखं वागतं.

पुण्याहून साउंडचा कोर्स करून मी परत आलो तेव्हा आमचं वडगावातलं मागाचं शेड रिकामं पडलं होतं. बाबांनी यंत्रमाग विकून टाकले होते. भाडं नाही, जागा लांबरुंद, वर पत्रे. इथंच स्टुडिओ काढायचा, असं ठरलं. कोर्सला शिकवलं होतं की रिकाम्या, बंद खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो, त्याला नॉइज फ्लोअर म्हणतात आणि तो जितका खाली तितका स्टुडिओ चांगला. माझ्या नॉइज फ्लोअरवर शेजारच्या काकांचे माग चालतात. आमचे गेले, त्यांचे आहेत, आणि मधली भिंत सामाईक आहे. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात आजही दिवसभर मागाचा धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) इकडून तिकडं आणि तिकडून इकडं आपटत असतो. मिनिटाला शंभराच्या वर. लय अशी पक्की, की तबलजी मंडळी माझ्या हेडफोनमधला ताल धरायचा क्लिक सोडून नकळत काकांना धरतात.

यावर मला मिळालेला सल्ला एकच, आणि तो गावातल्या प्रत्येकानं दिला आहे : अंड्यांचे ट्रे लाव. केश कापणाऱ्यानं दिला, बँकेतल्या साहेबांनी दिला, भटजींनीही दिला (त्यांनी अंड्याचा उल्लेख 'ते ट्रे' असा केला). अंड्यांच्या ट्रेनं खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, दोन भिंती आणि मध्ये पोकळी लागते. आणि मागाचा दणका तर हवेतून येतच नाही. तो फरशीतून येतो, पायातून चढतो आणि माईकच्या स्टँडवरून थेट गाण्यात उतरतो. मी आतून दुसरी भिंत घेतली, मध्ये ग्लासवूल भरलं, दोन दारं लावली, काच दुहेरी केली, स्टँडखाली रबर घातलं. खोली लहान झाली. माग तेवढेच राहिले.

मग एका दुपारी वडगावची लाईट गेली आणि मला माझ्या धंद्याचा शोध लागला. सगळ्या गल्लीचे माग एकदम बंद. इतकी शांतता, की आत बसलेल्या गायकाच्या पोटातली गुरगुर मला स्क्रीनवर दिसली. माझा कॉम्प्युटर यूपीएसवर चालूच होता. यूपीएस वीसेक मिनिटं टिकतो, त्यात पंखा-एसी धरायचा नाही. पण एसी तसाही रेकॉर्डिंगला बंदच ठेवावा लागतो, कारण कंडेन्सर माईक एसीची कुजबुजही तितक्याच निष्ठेनं टिपतो. म्हणजे बेळगावातलं उत्तम रेकॉर्डिंग हे घामाघूम माणसांनी, अंधारात, वीस मिनिटांत करायचं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. सकाळी पार्टी येते, तालीम करते, पायरीवर बसून चहा पिते आणि लाईट जायची वाट बघते. लाईट गेली की अख्खी गल्ली हळहळते आणि माझ्या पायरीवरची माणसं "चला, चला!" करत चपला काढून आत पळतात. शेजारच्या काकांना हे बघवत नाही. त्यांचं नुकसान होत असताना माझ्याकडं पेटी वाजायला लागते, याचा त्यांच्या मनानं सरळ अर्थ लावलेला आहे. त्यात राज्य सरकारनं छोट्या यंत्रमागांना मोफत वीज दिली. विणकरांचं भलं झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण बिलाच्या धाकानं दुपारी माग तासभर बंद ठेवायची काकांची जी एक चांगली सवय होती, ती गेली.

हेच काका मागच्या दसऱ्याआधी स्वतःहून आत आले. शहापुरी साडीची जाहिरात करायची होती, मोबाईलवर फिरवायला.

"बोलायचं बाईनं," ते म्हणाले, "आणि मागनं मागाचा आवाज पायजे. ओरिजिनल."

मी म्हटलं, "काका, तुमच्या मागांचा आवाज माझ्याकडं भरपूर आहे. गेल्या कित्येक वर्षांतल्या प्रत्येक हरिपाठाखाली आहे."

"तसला नको. जवळनं घे. माझ्यासमोर."

मी केबल ओढत माईक त्यांच्या शेडमध्ये नेला. धोट्यापासून किती अंतरावर धरायचा, कुठल्या मागाची खटखट गोड आहे, यावर त्यांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि मी बराच वेळ चर्चा केली. कांडीवाल्या बायकांना गप्प बसवलं. हात वर करून मी खूण केली, आणि लाईट गेली.

काका क्षणभर मागाकडं बघत राहिले आणि मग माझ्याकडं. "तुझ्याकडं यूपीएस हाय न्हवं? लाव की गा मागाला."

भजनी मंडळांबद्दल मी आदरानंच बोलेन, माझं घर त्यांनी चालवलंय. पण रेकॉर्डिंगचं शास्त्र ज्यानं लिहिलं त्यानं खानापूर तालुक्यातलं एकही मंडळ बघितलेलं नव्हतं. शास्त्र म्हणतं, प्रत्येक वाद्याला वेगळा माईक द्या म्हणजे नंतर हवं ते कमी-जास्त करता येतं. मंडळ म्हणतं, आम्ही सगळे एकदम. आणि या 'एकदम'मध्ये टाळकरी असतात. बुवांच्या माईकमध्ये टाळ, पखवाजाच्या माईकमध्ये टाळ, पेटीच्या माईकमध्ये पेटीपेक्षा जास्त टाळ. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक माझ्या स्वयंपाकघरातून जाते आणि उरलेली परत येत नाही. हेडफोन फेट्यावर बसत नाही, फेटा काढायचा नसतो. आत गेल्याबरोबर बुवा पहिलं काम करतात ते माईकवर 'फू फू' करून बोटानं दोनदा टकटक. त्या माईकला चालायला अठ्ठेचाळीस व्होल्ट पाठवावे लागतात, त्याची आतली पातळ चकती श्वासानंही हलते आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत, हे मी काचेअलीकडून हातवाऱ्यांनी सांगतो. बुवांना वाटतं मी सुरुवात करा म्हणतोय. ते सुरू करतात.

अभंग संपला की खरी गंमत. मंडळाचं नाव, गाव, तालुका, अध्यक्ष, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, बसला पैसे कुणी दिले, हे सगळं रेकॉर्डवर यायलाच पाहिजे. पूर्वी मला याचा राग यायचा. मग कळलं की याला थोर परंपरा आहे. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तीन मिनिटांत ख्याल आटपून ती शेवटी इंग्रजीत ठणकावून सांगायची, माझं नाव गौहर जान. तबकडी छापली जायची सातासमुद्रापार, तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. एवढाच फरक, की गौहर जाननं बसचं भाडं कुणी दिलं ते सांगितलं नाही.

सुळेभावीहून एक गायक येतो. कुमार गंधर्व 1924 साली त्या गावात जन्मले, त्यामुळं "आमच्या गावचं पाणीच तसं हाय" हे तो गाण्याआधी सांगतो. गाणं झाल्यावर मी काही बोलत नाही. शंभर वर्षांत पाणी बदलतं.

अशा गळ्यांसाठी ऑटोट्यून आहे. घसरलेला सूर उचलून जागेवर बसवणारं हे सॉफ्टवेअर 1997 साली अँडी हिल्डेब्रँड या गृहस्थानं काढलं. त्याआधी तो तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत दणका द्यायचा आणि आतून परत आलेल्या लहरींवरून तेल कुठं आहे ते ताडायचं, हे त्याचं गणित. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. मला यात फार मोठं सत्य दिसतं : वाळवंटाखालचं तेल सापडतं, पण एका होतकरू पुढाऱ्यानं स्वतःच्या वाढदिवसासाठी स्वतःच गायलेल्या गाण्यात सॉफ्टवेअरला कुठला सूर धरायचा तेच सापडेना. ते बिचारं जवळचा जो मिळेल तो सूर पकडत गेलं आणि साहेब अचानक कुठल्या तरी अरबी वळणानं गायला लागले. कार्यकर्ते खूश. "सर, एडिटिंगमधी लई भारी केलासा."

हे 'एडिटिंगमध्ये' प्रकरण मोठं आहे. पाठ केलं नाही? एडिटिंगमध्ये बघा. आज ढोलकीवाला आलाच नाही? एडिटिंगमध्ये घाला. शाळेच्या गॅदरिंगच्या बाई तर सात गाण्यांचे तुकडे चिकटवायला आणतात, वर "शेवटी मुलं पडतात तिथं थोडा वेळ ठेवा" म्हणतात. आणि पैशांचा हिशेब सगळीकडं सारखाच : गाणं तीन मिनिटांचं, मग तीन मिनिटांचेच घ्या की.

रिक्षाची अनाउन्समेंट मात्र रोखीची. इथं ती कन्नडमध्येही लागते आणि मराठीतही. कन्नडला माझा हुबळीचा मित्र येतो, मराठी मी बोलतो, आणि दोघंही मागांना शिव्या आपापल्या भाषेत देतो. आधी कुठली भाषा ठेवायची, हा निर्णय मी गिऱ्हाइकावर सोडलेला आहे, कारण मला याच गावात राहायचंय. सगळे आपले एकेक करून दोन्ही घेतात. एका चादरी-सेलवाल्याला तेवढाही वेळ घालवायचा नव्हता. "रिक्षाला भोंगे दोन हाईत," तो म्हणाला. "एकातनं कन्नड सोडा, एकातनं मराठी. एकदम."

अॅलन ब्लुमलाइननं इंग्लंडमध्ये 1931 साली स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हा उपयोग खचितच नसणार. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी डावीकडं कन्नड आणि उजवीकडं मराठी करून दिलं. रिक्षा खडेबाजारातून गेली. डाव्या हाताच्या दुकानदारांनी एक ऐकलं, उजव्या हाताच्यांनी दुसरं, आणि परत येताना बाजू बदलल्यामुळं दोघांचा हिशेब पुरा झाला. मध्ये उभ्या असलेल्या पोलिसाला मात्र काहीच कळलं नाही आणि त्यानं रिक्षा बाजूला घेतली.

माझा खरा सीझन वैशाखात. बेळगावची शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि नंतरची चित्ररथ मिरवणूक रात्रभर. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे करतात. पात्रं नुसती ओठ हलवतात, संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात. ते संवाद माझ्याकडं होतात, आणि सगळे परीक्षा असल्यासारखे शेवटच्या आठवड्यात होतात. ज्याची उंची आणि दाढी बसते त्याचा आवाज बसत नाही, म्हणून आवाज रेशन दुकानदाराचा. त्याचा आवाज एवढा भरदार की तीन मंडळांनी त्यालाच घेतलंय. एका ट्रॉलीवर तो सरदार असतो, दुसरीवर मुघल, आणि मिरवणुकीत ट्रॉल्या मागं-पुढं लागल्या की स्वतःलाच आव्हान देतो.

मागच्या वर्षी एका मंडळानं पावनखिंड घेतली होती. 1660 सालचा तो प्रसंग सगळ्यांना पाठ : महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडायची नाही आणि देहही ठेवायचा नाही. मी जीव ओतून काम केलं. पाऊस घातला, घोडे घातले, तोफांचा घुमारा डोंगरातून परत येतो तसा केला. त्या तोफांवर तर रात्र घालवली. जनरेटर, पुढच्या ट्रॉलीचा डॉल्बी आणि मागच्यांचे ढोल यांच्यात तो घुमारा कुणाला ऐकू जाणार नव्हता, तरी केला.

पेनड्राइव्हमध्ये प्रसंगांच्या फाइली ओळीनं होत्या आणि तो सांभाळायला दिला होता अध्यक्षांच्या भाच्याला. ट्रॉली मारुती गल्लीच्या तोंडाशी आली, खड्ड्यातून गेली, भाच्याचं बोट कुठं तरी पडलं आणि पहिल्याच क्षणाला धडाडधूम तोफा सुटल्या. अजून सिद्दीचे सैनिक ट्रॉलीवर चढायचे होते. बाजीचं काम करणाऱ्या पोरानं इकडं-तिकडं बघितलं. तोफ म्हणजे तोफ. तो शिस्तीत आडवा झाला. मग भाच्यानं घाईघाईत पहिली फाइल लावली आणि रेशन दुकानदाराचा आवाज गर्जला, "राजे, तुम्ही निघा, मी खिंड अडवतो!"

गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "ऊठ गा, लढाई अजून व्हायची हाय!"

पोरगं उठलं, तलवार हुडकली आणि खरंच असं लढलं की टाळ्या थांबेनात. शेवटी तोफा पुन्हा लागल्या, पण आता त्याचा त्या तोफांवर विश्वास राहिला नव्हता. तो पडेचना. मंडळाच्या दोघांनी वर चढून त्याला समजावून खाली झोपवलं.

चार दिवसांनी अध्यक्ष पैसे द्यायला आले. आवाज फार छान होता म्हणाले, गणपतीचा देखावाही तुमच्याकडंच म्हणाले. मग खिशातून घडी केलेलं बिल काढून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तोफांचे कापलोय. दोनदा वाजल्या, पर उपयोग एकदाबी झाला न्हाई."