बाजार बंद करा, पण अडकलेल्या जनावराचाही हिशोब धरा

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी या जनावरांच्या त्वचारोगामुळं सगळ्या राज्यात गाई-बैलांचे बाजार, शर्यती, वाहतूक बंद झाली तेव्हा आमच्या तात्यांची खिलार बैलांची जोडी विकायला काढलेली होती. सांगोल्याच्या रविवारच्या बाजाराला न्यायचं ठरलेलं, शिंगं घासून झालेली, नव्या म्होरक्या आणलेल्या, आणि बाजारच बंद.

बंदी चुकीची होती असं मी अजिबात म्हणणार नाही. शेजारच्यांनी आठवडाभर आधीच बाजारातनं एक गाय आणलेली, दिसायला एकदम तजेलदार, आणि दहाव्या दिवशी मानेवर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजलेले, तोंडातनं लाळ. माश्या-डास-गोचीड रोग पसरवतात हे खरंय पण माशी काय शंभर किलोमीटर उडत जात नाही, तेवढ्या लांब रोग टेम्पोच नेतो. उलट ऑगस्टमध्ये जळगावकडं रोग दिसला तेव्हाच सगळीकडं कडक करायला पाहिजे होतं असं माझं मत आहे.

पण या बंदीचा खर्च कुणी भरला? मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार सरकारनं ठरवले, चांगलं केलं. जिवंत असून विकता न आलेल्या बैलाचं काय? तात्यांची जोडी दावणीला, रोज कडबा, सरकी पेंड चालूच, आणि रब्बीच्या बियाणं-खताचे पैसे त्या जोडीतच अडकलेले. शेवटी एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, रात्रीचा वस्तीवर आला, मोबाईलच्या उजेडात दात बघितले, पाठीवरनं हात फिरवला आणि निम्मा भाव सांगितला. तात्यांनी दिली. मी त्यांना दोष देत नाही, पेरणी थांबत नसते. पण जोडी रात्रीच गाडीत भरून गेली, कानात नंबरचा बिल्ला नाही, जनावर निरोगी असल्याचा डॉक्टरचा दाखला नाही, कुठं गेली पत्ता नाही. म्हणजे बंदी असूनही जनावर फिरलंच की, शेतकऱ्याचा भाव तेवढा गेला, आणि बाजारात निदान डॉक्टरची नजर पडली असती तीपण गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, बंदी घालायची त्याच दिवशी विक्रीला काढलेल्या जनावरांची गावात नोंद घ्या, चाऱ्याला पैसे द्या, लस आधी त्यांना टोचा. लस अंगी लागायला तीनेक आठवडे जातात, तेवढे दिवस शेतकरी कळ काढेल. पुढं बिल्ला आणि दाखला बघून तेवढ्या जनावरांपुरता तरी बाजार उघडा. महिनोन्महिने सरसकट बंद ठेवलं की रात्रीच्या गाड्या चालू होणारच.

तुमची जनावरं तेव्हा अडकली असतील तर किती दिवस अडकली आणि शेवटी काय भावानं गेली ते कमेंटमध्ये लिहा.