‘गरिबांची नशा’ म्हणे! थायलंडच्या आजीचा विडा

सध्या एक व्हिडिओ फिरतोय. थायलंडच्या खेड्यातल्या विडा चघळणाऱ्या एका आजीच्या लालभडक तोंडावर, काळ्या दातांवर परदेशी पर्यटकाने कॅमेरा रोखलाय आणि तो म्हणतोय, ‘गरिबांची नशा!’ खाली कुणीतरी मराठीत जोड दिली आहे: ‘ही सवय भारतानेच त्यांना दिली. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. तिथे मात्र मागासलेपणा म्हणून बंद केली.’

आधी ‘गरिबांची’. थायी राजांच्या राजवैभवाच्या वस्तूंत सोन्याचा पानाचा संच असे, आणि राजाने दिलेल्या पानदानावरून अधिकाऱ्याचा दर्जा कळे. लग्नात नवरदेवाकडची मंडळी आजही ‘खान माक’ घेऊन वाजतगाजत निघतात. त्याचा शब्दशः अर्थ सुपारीचं भांडं. लग्न ठरलं की सुपारी फोडणाऱ्या आपल्या माणसांना यातला मान वेगळा समजावून सांगायला नको. काळे दात तर एके काळी तिथे सौंदर्याचं लक्षण होते. आणि लाल रंग आजाराचा नव्हे, सुपारी चुन्याशी मिळाली की तो येतो. थायी चुना हळद घातल्यामुळे मुळातच लालसर असतो. दात पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी विडा कुटायची छोटी नळीही घरोघरी असे, आपल्याकडच्या आजीच्या खलबत्त्यासारखी.

‘भारताने दिली’ हे मला सर्वांत जास्त खटकलं. सुफानबुरी प्रांतातल्या नोंग रात्चावत इथे सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या दातांवरील किटणात सुपारीतली रसायनं सापडली. हे संशोधन 2025 साली प्रसिद्ध झालं. त्या दातांवर डाग दिसतही नव्हते. नागवेल आणि पोफळ या दोन्हींचं मूळ आग्नेय आशियाच्या बाजूचं मानतात. आपल्या ‘तांबूल’ शब्दाचा संबंधही भाषाशास्त्रज्ञ तिकडच्या भाषांशी जोडतात. पानाला थायीत ‘फ्लू’ म्हणतात, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘म्लू’. म्हणजे ओघ बहुधा तिकडून इकडे आला.

‘अपाय नाही’ हे धादांत खोटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. सुपारीमुळे तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं महाराष्ट्रात कमी नाहीत. ‘अपाय काही नाही’ हे वाक्य पुढे पाठवू नका, अगदी हात जोडून सांगतो.

राहिली बंदी. ती खरी आहे, पण कारण आरोग्य नव्हतं. 1938 ते 1944 पंतप्रधान असलेल्या फिबुनसोंगख्रामना देश पाश्चात्त्यांच्या नजरेत ‘सुसंस्कृत’ दिसायला हवा होता. म्हणून टोपी घालायला लावली, विडा बंद केला, सुपारीची झाडं आणि पानवेली तोडायला लावल्या. त्यांची सत्ता गेल्यावर बंदी उरली नाही. पण पुढच्या पिढ्यांत विडा पूर्वीसारखा रुजला नाही, तो खेड्यांतल्या म्हाताऱ्यांपुरता उरला. ज्या नजरेला भिऊन त्या वेली तोडल्या गेल्या, तीच नजर आज या आजीवर कॅमेरा रोखून उभी आहे.