पत्ता का विचारतात? ११२ बद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एकदा तर माझ्या सख्ख्या मावशीनेच पाठवला. मजकूर असा: "११२ ला फोन करून वेळ घालवू नका. फोन मुंबईला लागतो. लोकेशन त्यांना दिसत असतं, तरी पत्ता विचारत बसतात. अपघात कळवला तर कोर्टाच्या खेपा. त्यापेक्षा ओळखीच्या पोलिसाला फोन लावा."

मी सोलापूर जिल्ह्यात ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरच्या डिस्पॅच डेस्कवर, म्हणजे मदतीच्या गाड्या सोडणाऱ्या टेबलावर, रात्रपाळ्या केल्या आहेत. हा मेसेज वाचलेला कुणीतरी एखाद्या रात्री फोन लावायचा थांबेल, याची मला खरंच भीती वाटते.

"फोन मुंबईला लागतो" हे अर्धं खरं आहे. कॉल आधी नवी मुंबईत, महापेच्या केंद्रात उचलला जातो; दुसरं केंद्र नागपूरला आहे. पण गाडी तिथून सुटत नाही. तिथे लिहून घेतलेली माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आमच्या स्क्रीनवर येते, नकाशावर जवळची गाडी बघून ती आम्ही सोडतो. अॅम्ब्युलन्स हवी असेल तर १०८ ला कळवलं जातं. गाडीत एमडीटी नावाचं छोट्या टॅबसारखं यंत्र असतं, त्यावर तोच मजकूर उतरतो आणि गाडीवरचा कर्मचारी रस्त्यातूनच तुम्हाला फोन करतो. अनोळखी नंबर म्हणून लोक नेमका तोच फोन कापतात. ११२ लावल्यावर गाडी येईपर्यंत येणारा प्रत्येक फोन उचला, एवढं माझं ऐका.

आता पत्त्याचं. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच आहे, कारण ती पटते. फोनमधला नकाशा बघत पार्सलवाला पोरगा थेट दारात येतो, मग पोलिसांना पत्ता कशाला सांगायचा? पण त्या पार्सलच्या अॅपला तुम्ही स्वतः जीपीएसची परवानगी दिलेली असते. साध्या कॉलवर बहुतेक वेळा मोबाईल टॉवरवरून काढलेला अंदाज हाती येतो. शहरात तो काहीशे मीटर चुकतो, खेड्यात टॉवर लांब लांब असल्याने किलोमीटरने.

कुंभारीचं विडी कामगारांचं घरकुल डोळ्यासमोर आणा. २००६ साली चाव्या दिल्या त्या दहा हजार घरांची वसाहत. एकसारख्या गल्ल्या, एकसारखी दारं. एका रात्री तिथून एक मुलगा आईच्या फोनवरून बोलत होता. शेजारी भांडण पेटलेलं, एकाचं डोकं फुटलेलं. पत्ता काय, तर "घरकुल". घर नंबर त्याला आठवेना, रडू आवरेना. नकाशावरच्या टिंबाभोवती शेकडो घरं. मी विचारलं, "आई विड्या कुठे नेऊन देते रे?" ते त्याला पाठ होतं. कारखान्यापासून घरापर्यंत कसं यायचं, कुठलं दुकान लागतं, कुठे वळायचं, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. मग त्याला म्हटलं, बाहेर ये, मोबाईलची बॅटरी लाव आणि हलवत राहा. गाडीवाल्यांना तो उजेड दिसला. लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, विड्यांच्या चौकशा कसल्या करतात!

नावांचा गोंधळ वेगळाच. "कासेगावला अपघात" एवढंच कुणी सांगितलं, तर एक कासेगाव उळ्याजवळ तुळजापूर रस्त्याला आणि दुसरं पंढरपूर तालुक्यात. तालुका विचारायला तीन सेकंद लागतात. चुकीच्या कासेगावला गेलेली गाडी परत फिरवायला किती लागतील, हिशेब करा. अक्कलकोटच्या बाजूने घाबरलेला माणूस मराठीत सुरुवात करतो आणि पुढच्याच वाक्याला कन्नडमधल्या "लगू बर्री, लगू बर्री" (लवकर या) वर येतो. शेजारच्या टेबलावर कन्नड समजणारं कुणी ना कुणी असतंच. माझ्याही कानाला कन्नडची सवय तिथेच लागली.

कोर्टाच्या खेपांची भीती पूर्वी खोटी नव्हती, म्हणून लोकांना मी दोष देत नाही. पण कायदा बदलला. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. पुणे-हैदराबाद महामार्गावर मोहोळच्या अलीकडे पडलेल्या माणसाजवळून दहा गाड्या निघून जातात, त्यातल्या कितींना हे ठाऊक असेल? तुम्ही फक्त रस्ता, दिशा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. नाव नका सांगू.

ओळखीचा पोलीस असणं चांगलंच. पण त्याच्या खिशात नकाशा नसतो, कुठली गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत नाही, आणि तो ड्युटीवर असेलच असं नाही. एका आषाढीला एका गृहस्थांनी घरात चोर शिरल्यावर आधी ओळखीच्या हवालदाराला पाच वेळा फोन लावला. उचलला नाही, मग आमच्याकडे आले. तोवर चोर मागच्या दाराने गेले होते. तो हवालदार त्या रात्री पंढरपूरच्या वाळवंटात बंदोबस्ताला उभा होता, आणि फोन त्याच्या बॅगेत राहिला होता.