नायगारा "कॅनडाच्या बाजूनंच" बघायचा असतो म्हणे!

अमेरिकेत पोरांकडे आलेल्या आईवडिलांची यात्रा ठरलेली असते. न्यू यॉर्कला स्वातंत्र्यदेवी, वॉशिंग्टनला व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर फोटो, आणि नायगारा. भारतात परतल्यावर बिल्डिंगमधलं कोणीतरी हमखास विचारतं, "कॅनडाच्या बाजूनं बघितलात ना? नाही? अरेरे, मग काय बघितलंत!"

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. एक तर अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आपल्या माणसांकडे बहुतेकदा कॅनडाचा व्हिसा नसतो. दोन देशांना जोडणारा रेनबो ब्रिज समोर दिसतो, पलीकडची माणसं हात हलवताना दिसतात, पण जाता येत नाही. त्यात वर हे ऐकून घ्यायचं. आणि दुसरं म्हणजे ते वाक्य खरंही नाही. मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. यंदा सासू-सासऱ्यांना, म्हणजे आई-बाबांना, घेऊन फक्त अमेरिकेच्या बाजूला गेलो, आणि माझं मत आणखी पक्कं झालं.

समोरून अख्खा देखावा कॅनडातून दिसतो, हे मान्यच. धबधब्यांची तोंडंच तिकडे आहेत. फोटो तिथलाच चांगला येतो. पण अमेरिकेच्या बाजूला तुम्ही धबधब्याच्या डोक्यावर उभे राहता. टेरापिन पॉइंटला लोखंडी कठडा आहे आणि कठड्याच्या पलीकडे लगेच हॉर्सशू फॉल्सची, म्हणजे नायगारातल्या सर्वांत मोठ्या धबधब्याची, कड. पाणी तिथपर्यंत फेसाळत, आदळत येतं आणि नेमकं पडायच्या जागी एकदम गुळगुळीत होतं. बाटलीच्या काचेसारखं हिरवं. ते वाकतं आणि खाली जातं, खाली काय होतं ते तुषारांमुळे दिसतच नाही. आई तिथून हलायलाच तयार नव्हत्या. चष्म्यावर सारखं पाणी येत होतं, त्या पदरानं पुसत होत्या आणि परत बघत होत्या.

त्याहून मला आवडते ती थ्री सिस्टर्स आयलंड्सची जागा. धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंड या बेटाला लागून तीन चिमुकली बेटं, छोट्या पुलांनी जोडलेली. बसमधून आलेले लोक इथे फारसे येत नाहीत, कारण इथून धबधबा दिसत नाही. दिसते ती धबधब्याच्या आधीची नदी. खडकावर बसून वरच्या अंगाला बघितलं की पाण्याची कड आपल्या डोळ्यांच्या वर असते; सगळी नदी आभाळातून उतरून आपल्यावरच येतेय असं वाटतं. नदीनं पुढे उडी घ्यायची आहे हे माहीत असताना तिला अशी धावत येताना बघणं मला प्रत्यक्ष उडीपेक्षा भारी वाटतं.

आता बाबांबद्दल. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, कराडचे. त्यांचा पहिला प्रश्न: "विसर्ग किती?" मी सांगितलं, पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट. कृष्णाकाठच्या माणसाला एक लाख क्युसेक म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी तिथेच हिशेब मांडला: पावणेतीन तासांत एक टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे १०५ टीएमसीचं कोयना धरण साधारण बारा दिवसांत तळापासून काठोकाठ. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बाबांच्या बाबतीत ही मोठी दाद असते.

पण "किमान" हा शब्द त्यांच्या कानातून सुटला नव्हता. "किमान म्हणजे? कोण ठरवतं?" तर ठरवतो १९५० चा अमेरिका-कॅनडा करार. नदीचं बरंचसं पाणी धबधब्याच्या आधीच बोगद्यांतून वळवून दोन्ही देशांच्या वीजघरांना दिलं जातं. धबधब्यावरून एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा एक लाख क्युसेक तरी सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात निम्मं चालतं. त्यासाठी धबधब्याच्या वरच्या अंगाला १८ दरवाजांचं बांधकाम आहे. आई म्हणाल्या, "म्हणजे पाहुणे आले की नळ मोठा करायचा!" बाबांना मात्र धबधब्यापेक्षा ते दरवाजे बघण्यात जास्त रस होता.

हे कळल्यावर काहींचा विरस होतो. माझा झाला नाही. पाणी कमी झाल्यामुळे कड झिजायचा वेगही कमी झालाय. हा धबधबा सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकत आलाय. वर कठीण डोलोमाइट खडक, खाली मऊ शेल खडक, खालचं पोखरलं की वरचं कोसळतं. अमेरिकन फॉल्सच्या, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीतल्या शेजारच्या धबधब्याच्या, पायाशी जो मोठमोठ्या दगडांचा ढीग दिसतो तो अशाच दरडींचा. १९६९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी बांध घालून हा अमेरिकन फॉल्स काही महिने चक्क कोरडा केला होता, ते दगड काढता येतील का हे बघायला. शेवटी ठरलं, राहू द्या. धबधब्याला "सुंदर" करायची सगळी तयारी झाल्यावर हात आवरता घेणं सरकारी खात्याला जमलं, याचं बाबांना खरंच कौतुक वाटलं.

आणि आता मुद्द्याचं. तिथली झाडी, मोकळी जागा, सगळीकडे जाता येणारे फुकट रस्ते बघून आपला माणूस लगेच म्हणतो, "बघा, यांना निसर्गाची कदर आहे. आपल्याकडे आंबोलीला बघा काय अवस्था!" आंबोलीची अवस्था काय सांगायची, पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग, डीजे, कणसं, आणि दगडांत बाटल्यांच्या काचा. सगळं खरं. पण नायगाराची कदर रक्तात वगैरे काही नव्हती. १८६०-७० च्या सुमारास इथे याहून वाईट चाललं होतं. काठावरची जमीन खासगी मालकांची, तिथे गिरण्या आणि कारखाने. घोडागाडीवाले, फेरीवाले पाहुण्यांना लुबाडत. धबधबा फुकट दिसू नये म्हणून कुंपणं घातलेली, भोकातून बघायचे पैसे! अमेरिकेच्या बाजूला पैसे न देता धबधबा दिसेल अशी जागाच उरली नव्हती.

मग काही लोकांनी लावून धरलं. त्यात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड होता, न्यू यॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा. "फ्री नायगारा" म्हणून चळवळ चालली, बरीच वर्षं. १८८३ मध्ये न्यू यॉर्क राज्याचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंडनी कायद्यावर सही केली, राज्यानं सुमारे १४ लाख डॉलर मोजून जमिनी घेतल्या, बांधकामं पाडली, आणि १५ जुलै १८८५ ला जागा लोकांना फुकट खुली झाली. अमेरिकेतलं सर्वांत जुनं स्टेट पार्क ते हेच. ओल्मस्टेडनं तिथे फुलांचे ताटवे आणि शोभेचे पुतळे नकोत असा आग्रह धरला होता. (आता गोट आयलंडवर विजेचा संशोधक निकोला टेस्ला याचा पुतळा आहे. पण इथल्या पाण्यावर तयार झालेली वीज १८९६ मध्ये बफेलो शहरापर्यंत नेली ती त्याच्याच तंत्रानं, तेव्हा त्याला माफ.)

म्हणून "आपली लोकंच तशी" हे रडगाणं मला पटत नाही. इथली लोकंही तशीच होती. फरक जमिनीच्या मालकीत आणि कायद्यात पडला. आंबोलीला, ठोसेघरला किती गाड्या सोडायच्या, टपऱ्या कुठे बसवायच्या, हे ठरवणं कोणाच्या रक्तात असावं लागत नाही. एका जबाबदार खात्याच्या टेबलावर असावं लागतं. बाबा यावर म्हणाले, "टेबल आहे. खुर्ची रिकामी असते." खात्यात हयात घालवलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

कॅनडाचा काठही सार्वजनिक बागेचाच आहे, उगाच अन्याय नको. पण त्या बागेच्या मागे हॉटेलांचे टॉवर, कॅसिनो आणि क्लिफ्टन हिल या करमणुकीच्या रस्त्याची जत्रा. गंमत अशी की कॅनडातून बघितलं तर समोर झाडी दिसते, कारण अमेरिकेनं तिथे फारसं काही बांधू दिलं नाही. आणि अमेरिकेतून बघितलं तर समोर हॉटेलं.

अमेरिकेच्या बाजूच्या तक्रारीही आहेतच. आत प्रवेश फुकट, पण पार्किंगला पैसे पडतात. खाणं महाग आणि बेचव. आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. सीगल पक्षी इतके धीट की डबा उघडताना एकानं पहारा द्यावा लागतो. मेड ऑफ द मिस्ट बोटीवर जो निळा प्लास्टिकचा रेनकोट देतात तो गळ्यापर्यंतच कामाचा. आईंनी तो झटकून, घडी घालून पिशवीत टाकला, गावी भाजीवाल्या मावशींना पावसाळ्यात होईल म्हणून. केव्ह ऑफ द विंड्सला मात्र जरूर जा. नावातली गुहा केव्हाच गेली, पण लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेल या तिसऱ्या, छोट्या धबधब्याच्या पाण्याखाली जवळजवळ जाता येतं. हे जिने दर हिवाळ्याआधी काढतात आणि वसंतात पुन्हा बांधतात. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर वरूनच बघा.

सकाळी लवकर जा, आधी थ्री सिस्टर्स, मग टेरापिन, बोट शेवटी. मोज्यांचा जादा जोड घ्या. रात्रीचे रंगीत दिवे बघायचे तर उन्हाळ्यात दहाच्या आत बघून घ्या, त्यानंतर करारानुसार पाणी निम्म्यावर आणता येतं. आणि बिल्डिंगमध्ये कोणी कॅनडाचं विचारलं तर आमच्या बाबांसारखं करा. ते आता उलट विचारतात, "विसर्ग किती होता, ते सांगा आधी."