‘माहिती चोरीला गेली आणि फोनवर उत्तरही देत नाहीत’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की, आईंची माहिती चोरीला गेली तरी संस्थेने साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज केला नाही, डब्याबरोबर चिठ्ठी पाठवली, आणि तुम्ही अमेरिकेतून फोन केलात तेव्हा ‘फोनवर सांगता येणार नाही’ एवढंच उत्तर मिळालं. तुमचा संताप समजतो. आई पुण्यात, तुम्ही इतक्या लांब. असं उत्तर ऐकून कुणाचाही जीव टांगणीला लागेल. तरीही ते उत्तर बरोबर होतं. उद्या पुन्हा फोन केलात तरी ऑफिसमधल्या ताई तेच सांगतील.

आमच्या ज्येष्ठांच्या डे-केअर केंद्राच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअर कंपनीकडे असतात, तिच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं. सभासदांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर, जवळच्या नातेवाइकांचे नंबर आणि चालू औषधांची यादी बाहेर गेली. आधारच्या झेरॉक्स तिथे नव्हत्या, त्या केंद्रातल्या कपाटात असतात. सर्व्हर कंपनीचा असला तरी माहिती तुम्ही आमच्या भरवशावर दिली होती, त्यामुळे जबाबदारी आमची. सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, आणि सायबर पोलिसांना आम्ही लगेच कळवलं.

‘अमेरिकेत असं खपवून घेतलं नसतं’ असं तुम्ही म्हणता. तिथलंच उदाहरण देते. धर्मादाय संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीवर 2020 मध्ये सायबर हल्ला झाला. बँक खात्यांची माहिती सुरक्षित आहे, असं कंपनीने आधी सांगितलं. नंतर काहींची तीही गेल्याचं उघड झालं. 2023 मध्ये तिथल्या 49 राज्यांशी तडजोड करताना कंपनीला 4 कोटी 95 लाख डॉलर मोजावे लागले. म्हणूनच ‘घाबरण्यासारखं काही नाही’ या आमच्या कंपनीच्या निरोपावर आम्ही विसंबलो नाही. सगळंच गेलंय असं धरून चाललो.

आता चिठ्ठीबद्दल. नंबर, नातेवाईक आणि औषधं एवढं हाती असलं की फोन असा येतो: “काकू, केंद्रातून बोलतोय. बीपीच्या गोळ्यांचे जास्तीचे पैसे घेतले गेलेत, परत करायचेत. दादांशी बोलणं झालंय. आता आलेला ओटीपी तेवढा सांगा.” यातलं एकेक वाक्य खरं वाटतं. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असतं, तर आमचा लोगो लावून तसाच मेसेज चोरानेही पाठवला असता, सोबत एखादी एपीके फाइल, म्हणजे उघडताच फोनमध्ये चोराचं अ‍ॅप बसवणारी फाइल, जोडून. ऐंशीच्या घरातल्या माणसाने त्यातला खरा कोणता हे कसं ओळखायचं? डबा घेऊन येणारा मुलगा मात्र रोजच्या ओळखीचा असतो. त्याने मोठ्या अक्षरातली चिठ्ठी हातात दिली, वाचून दाखवली, आणि 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवून दिला. यात वेळ गेला, हे मान्य. पण चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात पडली, आणि कुणालाही लिंक उघडावी लागली नाही.

फोनवर माहिती न देण्याचं कारणही हेच. “मी मुलगा बोलतोय” असं कुणीही म्हणू शकतं, आणि चोराकडे तुमचाही नंबर आहे. आईंच्या तब्येतीविषयी तुम्ही जे विचारलंय, त्याचं उत्तर इथे सगळ्यांसमोरही देणार नाही.

सगळ्या नोंदी पुसून टाका, अशी तुमची मागणी आहे. कंपनीकडच्या नोंदी पुसून घेण्याचं काम चालू आहे आणि तसं लेखी मागितलंय. हिशेबतपासणीसाठी पावत्या ठेवाव्या लागतात. औषधांची यादी मात्र आई केंद्रात येतात तोवर आमच्याकडे कागदावर राहील. त्यांना चक्कर आली तर डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.

दरम्यान, आईंच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. बोटाच्या ठशावर पैसे काढण्याचा मार्ग त्याने बंद होतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते तात्पुरतं उघडावं लागेल, तेव्हा ऐनवेळी धावपळ नको. आईंना जमत नसेल तर केंद्रातल्या ताई त्यांच्यासमोर, त्यांच्याच फोनवरून करून देतील.

आणि आई पुढच्या वेळी केंद्रात येतील तेव्हा समोरासमोर एक परवलीचा शब्द ठरवू. तो त्याच तुम्हाला सांगतील. तुम्ही फोनवर तो शब्द सांगितलात की जे विचाराल त्याचं उत्तर मी स्वतः देईन, तुमच्या सोयीने, इथली रात्र असली तरी.

– संचालिका