जीवनगौरव द्यायचा तर आधी श्रावणात घरं बघा

वास्तुविशारदाला जीवनगौरव पुरस्कार द्यायचा असेल, तर निवड समितीने त्याची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची निदान तीन कामं भर श्रावणात जाऊन पाहावीत. कोकणात तरी याला पर्याय नाही, हे माझं ठाम मत आहे. प्रस्तावाला जोडलेले फोटो वास्तुशांतीच्या सुमाराचे असतात, कोरड्या भिंतींचे, निळ्या आभाळाखालचे. त्या दिवसांत इथली कुठलीही इमारत देखणीच दिसते.

पहिल्यांदा छज्ज्याची खालची बाजू बघायची. तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली चीर, सुटलेली खपली दिसली की समजावं, खारी हवा सळईपर्यंत पोचली. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. साइटवर मात्र सळईखाली सवयीने वीस-पंचवीस मिमीचेच ठोकळे लागतात. ज्याने नकाशावर ४५ लिहिलं आणि ओतकामाआधी स्वतः जाऊन मोजलं, त्याचा छज्जा आज शाबूत असतो. या कामाला मानपत्रात एक ओळ तरी मिळायला हवी.

मग छप्पर. मंगलोरी कौलांना तीस अंशांच्या आसपास उतार हवा. दिसायला बरं म्हणून पाख, म्हणजे छपराची उतरती बाजू, चपटं केलं, की नैर्ऋत्येचा वारा पाणी उलटं कौलाखाली ढकलतो. पागोळ्या कुठे पडतात तेही बघा. पाख दोन-अडीच फूट बाहेर काढलेलं नसेल तर पाणी जोत्यालगत आपटतं, शिंतोड्यांनी चिरा सतत ओला राहतो आणि भिंत आतून ओल धरते. जांभा सच्छिद्र दगड आहे. त्याला पाण्यापासून लांब ठेवणं हे आराखड्याचंच काम. दोन पाखं मिळतात तिथली पन्हळ पानांनी तुंबते. ती साफ करायला माणूस चढणार कुठून, याचा विचार केलेला आहे का? जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-दापोलीकडची असंख्य छपरं उचलली. वाऱ्याचा जोर पाखाच्या कडेला सर्वांत जास्त असतो, म्हणून कडेची कौलं आणि वासे बांधलेले आहेत का, हे हात लावून पाहावं.

सर्वांत बोलकी खूण म्हणजे मालकाने नंतर घातलेली पत्र्याची शेड. सपाट स्लॅबवर शेड चढली असेल, पश्चिमेच्या भिंतीला दर मिरगाला ताडपत्री लागत असेल, तर तिथे पडवी हवी होती हे घरानेच सांगितलं. पण प्रत्येक वाढीव बांधकाम म्हणजे चूक नव्हे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. त्यांची इंदूरची अरण्य वसाहत रहिवाशांनी ऐपतीप्रमाणे घर वाढवावं म्हणूनच तशी आखलेली होती. तेव्हा घरच्या बाईमाणसांना विचारा: हे कधी बांधलं, कशासाठी, आधी काय त्रास होता?

आणि दोष कुणाचा, हे घाईने ठरवू नये. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांना १९८४ मध्ये ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं, तेव्हा पणजीची त्यांची कला अकादमी नवीकोरी होती. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण सुरू असताना तिथल्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. अशा वेळी मूळ आराखडा, प्रत्यक्ष बांधकाम, देखभाल आणि नंतरची दुरुस्ती हे चारही वेगवेगळं तपासावं लागतं, आणि त्यासाठी मूळ नकाशे हाताशी लागतात.

आपल्याकडे घोडं इथेच अडतं. ज्येष्ठांचे ट्रेसिंग पेपर माळ्यावर गुंडाळ्या करून पडलेले असतात. दमट हवेत कसर लागते, अमोनिया प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रती, फिकट होतात. शाल, श्रीफळ, सभागृह यांवर जाणाऱ्या पैशातला मोठा वाटा नकाशे वाचवण्यावर खर्च करा. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, गुंडाळ्या उलगडून सपाट ठेवायच्या, अमोनिया प्रिंट ट्रेसिंगपासून वेगळे काढायचे, ४०० डीपीआयवर स्कॅन करायचे. प्रत्येक नकाशावर गाव, साल आणि त्या कामावरचे गवंडी-सुतार यांची नावं लिहून घ्यायची. ती नावं फक्त त्या वास्तुविशारदालाच आठवत असतात.