हातात बंदूक द्या ना, मग कळेल

भाचा चौथीत आहे. यंदा पंधरा ऑगस्टला त्याच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती, विषय क्रांतिकारक. ताईचा फोन आला, "एकट्या त्याच्या वर्गात दरवर्षी पाच-सहा भगतसिंग असतात रे. जरा वेगळं कोणीतरी सांग." मी लगेच म्हटलं, खानखोजे कर. आपल्या वर्ध्याचे आहेत. कोट-टाय घाल आणि हातात मक्याचं कणीस दे.

तालमीच्या दिवशी बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि ताईला म्हणाल्या, "गोड दिसतोय हो, पण कृषी अधिकारी वाटतोय. हातात बंदूक द्या ना, मग कळेल."

बाईंवर रागवायचं कारण नाही. पांडुरंग सदाशिव खानखोज्यांच्या हातात बंदूक होतीच. टिळकांनी भारावलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घर सोडून जपानमार्गे अमेरिकेत पोचला. कॅलिफोर्नियातल्या लष्करी शाळेत कवायत शिकला, ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतकी शिकला. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदुस्थानींचा, सशस्त्र उठावानं इंग्रजांना घालवू पाहणारा गदर पक्ष उभा राहिला तेव्हा हा पहिल्या फळीत, तोही हत्यारी कामाच्या बाजूला. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांशी लढला, जखमी झाला, पकडला गेला, निसटला. १९२१ मध्ये परदेशातले क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्त (विवेकानंदांचे धाकटे भाऊ) यांच्या गटाबरोबर मॉस्कोत. हिंदुस्थानात परतायची सोय नाही. १९२४ मध्ये मेक्सिको.

बाईंना हवा होता तो माणूस इथपर्यंत आहे. माझा जीव अडकलाय तो इथून पुढच्या माणसात.

मेक्सिकोत क्रांतीची धूळ तेव्हा कुठे खाली बसत होती. शेतकऱ्यांचा बंडखोर नेता झापाटा याला १९१९ मध्ये दगा देऊन मारलं होतं, पण जमीन कसणाऱ्याची ही त्याची मागणी नव्या राज्यकर्त्यांना निदान कागदावर तरी मान्य करावी लागली होती. जमीन हातात आली, आता तिच्यात पेरायचं काय आणि कसं? खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतकी शाळा काढल्या. एकीला झापाटाचंच नाव.

आणि मका. तेओसिंते नावाचं एक रानगवत तिकडे शेताच्या कडेनं उगवतं. त्याचं कणीस म्हणजे करंगळीएवढी काडी, तिच्यावर मोजून पाच-दहा दाणे, आणि कवच असलं टणक की दातानं फुटायचं नाही. आपण तिखटमीठ लावून खातो त्या भुट्ट्याचा हा रानटी पूर्वज. खानखोज्यांनी मक्याचा त्याच्याशी संकर केला आणि निघालेल्या वाणाला तेओमाइस म्हटलं. आमच्या बाबांचा जन्म कापूस आणि तुरीत गेला. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे सोयरीक जोडाले जंगलात गेला म्हन." याहून चांगलं मी सांगू शकत नाही.

या मक्याचे फोटो काढले तीना मोदोत्तीनं. इटलीतून लहानपणी कापडगिरणीत राबून आलेली, मग हॉलिवूडच्या मूकपटात काम केलेली, मग कॅमेरा आणि कम्युनिस्ट पक्ष दोन्ही धरलेली बाई. १९३० मध्ये मेक्सिकोनं तिला हाकलून दिलं. तिच्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी, इथे आवरतो.

मेक्सिकोचा नावाजलेला भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा १९२४ ते १९२७ या काळात त्याच चापिंगोत एका जुन्या प्रार्थनाघराच्या भिंती रंगवत होता. शिवाय राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीही त्याच्याकडेच होत्या. मी मेक्सिकोला गेलेलो नाही, ही चित्रं मी फोनवर दोन बोटांनी ताणून ताणून पाहिलीत. वरच्या मजल्यावरच्या मालिकेत एका चित्रात तरुण फ्रिदा काहलो (पुढे रिवेराची बायको) लाल सदरा घालून कामगारांना बंदुका वाटतेय. तेव्हा ती जेमतेम एकविशीची, चित्रकार म्हणून नाव व्हायचं होतं. त्याच मालिकेत आणखी एक चित्र आहे, त्याचं नाव ‘आमची भाकर’. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसं बसलीत, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि मेजाच्या टोकाशी बसलेला माणूस भाकर मोडून वाटतोय.

तो चेहरा आपल्या खानखोज्यांचा.

चित्र काढणाऱ्या पोरीच्या हातात बंदुका, आणि इराणात गोळ्या झेलून आलेल्या माणसाच्या हातात भाकर. रिवेराला मी संत करत नाही. थापा मारण्यात पटाईत, बायकोच्या सख्ख्या बहिणीशी सूत जुळवणारा, सरकारच्या पैशानं सरकारच्याच भिंतीवर क्रांती रंगवणारा. पण कोणाला कुठे बसवायचं हे त्याला बरोबर कळत होतं.

उलटा प्रवास पाहायचा असेल तर तोही त्याच शहरात झाला. स्टालिननं देशाबाहेर काढलेला रशियन क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की याला मेक्सिकोत आसरा मिळावा म्हणून रिवेरानंच राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्याकडे शब्द टाकला. १९३७ च्या जानेवारीत ट्रॉट्स्की आला आणि फ्रिदाच्या निळ्या घरात उतरला. पुढे त्याचं रिवेराशी बिनसलं, तो दुसऱ्या घरात गेला. २४ मे १९४० च्या पहाटे त्या घरावर हल्ला झाला. ट्रॉट्स्की आणि त्याची बायको नताल्या अंगाखालचा पलंग सोडून जमिनीवर पडून राहिले म्हणून वाचले. नातवाच्या पायाला गोळी लागली. हल्ल्याचा म्होरक्या होता दाविद आल्फारो सिकेरोस, म्हणजे रिवेराच्याच तोडीचा भित्तिचित्रकार! भिंतीवर रंगांऐवजी गोळ्या मारून गेला, आणि त्यांची भोकं अजून तिथे आहेत. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच एकानं हिमकुदळ घालून ट्रॉट्स्कीला संपवलं. सिकेरोस मात्र पुढे अनेक वर्षं चित्रं काढत राहिला, आणि ती चांगली आहेत, हेच तर अवघड जागेचं दुखणं आहे.

चित्रकार खुनाला निघाला ही गोष्ट जगाला पाठ आहे. क्रांतिकारक बियाणं निवडत बसला ही गोष्ट वर्ध्यातल्या शाळेतसुद्धा सांगावी लागते. असं का होतं?

याच गदर पक्षातले विष्णु गणेश पिंगळे पाहा. तळेगाव ढमढेऱ्याचे, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. १९१४ च्या अखेरीस परत आले, मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसकट सापडले, १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. सराभा एकोणीस वर्षांचे होते. त्या मरणापुढे बोलायची माझी लायकी नाही. पण आपल्या मनात क्रांतिकारकाचा एक छापील अर्ज असतो आणि त्यात ‘मृत्यूचं कारण’ या रकान्यात फाशी नाहीतर गोळी एवढंच लिहायला जागा असते. खानखोज्यांचा अपराध इतकाच की ते ऐंशीच्या आसपास जगले. बेल्जियन बाईशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, एकीचं नाव सावित्री ठेवलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारनं शेतीच्या धोरणावर सल्ल्यासाठी बोलावलं म्हणून आले, १९५५ पासून नागपुरातच राहिले, १९६७ मध्ये वारले. लेकीनं इंग्रजीत चरित्र लिहिलं म्हणून बरंचसं कळलं तरी. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये आपल्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते उभा राहिला. नागपुरात कोणाला त्यांचं घर विचारून पाहा.

आणि हो, आता उत्साहाच्या भरात ‘हरितक्रांतीचे खरे जनक, ज्यांना इतिहासाने विसरवले’ असला मेसेज बनवून फिरवू नका. हरितक्रांतीचे जनक म्हणवले जाणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बोरलॉग मेक्सिकोत १९४४ मध्ये आले, त्यांचं काम गव्हावर, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर. खानखोज्यांचं काम वेगळं, त्याआधीचं, आणि बहुतेक गरीब शेतकऱ्याच्या बांधावरचं. ते तेवढंच पुरेसं मोठं आहे. फुगवलं की फुटतं.

तर स्पर्धा. ताईनं बंदूक दिली नाही, याबद्दल तिला मनापासून सलाम. पहिला नंबर पाठीला बाहुली बांधलेल्या झाशीच्या राणीला गेला. आमच्या चिरंजीवांना मी आठ वाक्यं लिहून दिली होती, ती स्टेजवर सगळी विसरली. "मी पांडुरंग खानखोजे. मी मका लावला," एवढं बोलून कणीस उंच धरलं आणि खाली उतरला. टाळ्या म्हणे बऱ्यापैकी पडल्या.

संध्याकाळी फोन केला तर तोंडात काहीतरी होतं.

"काय खातोस रे?"

"मामा, आईनं खानखोज्यांचा भुट्टा भाजून दिला."